छतावरचं सोलर आणि नेट मीटर: एक आर्थिक वर्ष वापरल्यानंतर

आमच्या घरावर सव्वातीन किलोवॅटचं सोलर बसून एक पूर्ण आर्थिक वर्ष झालं, आणि त्यावर आणखी एक पावसाळा गेला. सातारा तालुक्यातलं गाव, स्लॅबचं घर, माणसं पाच, विजेचा वापर महिन्याला सरासरी तीनशे युनिटच्या आसपास. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "मग कंपनीला वीज विकून महिन्याला किती सुटतात?" या प्रश्नाचं खरं उत्तर आधी कळलं, तर किती किलोवॅट बसवायचं हा निर्णयच बदलतो. म्हणून सविस्तर लिहितेय.

महिन्याला हातात पैसे येत नाहीत. नेट मीटर दोन आकडे मोजतो: ग्रिडमधून, म्हणजे कंपनीच्या लाईनमधून, घेतलेली युनिट आणि ग्रिडला दिलेली युनिट. बिल येतं ते वजाबाकीवर. दिलेली जास्त झाली तर उरलेली युनिट तुमच्या नावावर जमा राहतात आणि पुढच्या महिन्यात वळती होतात. हे ३१ मार्चपर्यंतच चालतं. त्या दिवशी जी शिल्लक असेल ती कंपनी राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, ते पैसे पुढच्या बिलात वळते होतात आणि खातं पुन्हा शून्यावर येतं. खरी विक्री म्हणायची तर ती एवढीच, वर्षातून एकदा. आणि तो दर आपण विकत घेतो त्या युनिटच्या दरापेक्षा बराच कमी आहे.

उलट बिलातून जे युनिट कमी होतं ते सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे चढत जातात. तीनशे वापरणाऱ्या घराची दोनशे युनिट सोलरने वाचली, तर वरचा अख्खा टप्पा जातो. शिवाय प्रत्येक युनिटमागचा वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) आणि त्या सगळ्यावरचं सोळा टक्के विद्युत शुल्कही वाचतं. म्हणून माझं ठाम मत आहे: सोलर आपल्या वापराएवढंच घ्यावं, छत कितीही मोठं असलं तरी. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदानही हेच सांगतं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ७८,००० वर थांबतं. पाच बसवा की दहा, अनुदान तेवढंच. आमच्या नात्यात महिना अडीचशे युनिट वापरणाऱ्या घरावर एजन्सीने पाच किलोवॅट गळ्यात मारलं, "वरची वीज विका, कमाई होईल" असं सांगून. त्यांची वर्षाची निम्म्याहून जास्त वीज मार्चअखेरच्या त्या कमी दराने जाते. मला याची खरोखर चीड येते, कारण त्या माणसांनी कर्ज काढलंय.

आता वर्ष कसं फिरतं ते. आमच्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल रोज चौदा-पंधरा युनिट सहज होतात. मे महिन्यात ऊन कडक असूनही थोडी कमी, कारण पॅनल तापलं की त्याची क्षमता घटते. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दिवसाला तीन-चार युनिटवरही समाधान मानावं लागतं. एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिट पावसाळ्यात कामी येतात, हे गणित छान जुळतं. पण ऑक्टोबरपासून पुन्हा जी शिल्लक साठते तिला पुढे पावसाळा नाही, थेट ३१ मार्चच आहे. म्हणून जानेवारीत बिलातली जमा युनिट बघते, आणि शिल्लक भरपूर दिसली की स्वयंपाक इंडक्शनवर, अंघोळीचं पाणी गिझरवर. मार्चअखेरपर्यंत गॅसचा सिलेंडर लांबतो. ती युनिट विकून जे मिळालं असतं त्याच्यापेक्षा हे कितीतरी परवडतं.

वॉशिंग मशीन दिवसाच लावा, असं सगळे सांगतात. आमच्या बिलात वेळेनुसार वेगळा हिशेब लागलेला नाही, त्यामुळे दुपारी दिलेलं एक युनिट आणि रात्री घेतलेलं एक युनिट सारखंच वजा होतं, मशीन कधीही लावा. तुमच्या बिलात वेळेनुसार दर लागत असेल तर मात्र हे आधी तपासा.

बिल शून्य येतं का? नाही. स्थिर आकार दर महिन्याला असतोच. आमचं बिल आता बहुतेक महिने तेवढ्यावरच असतं.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो व्होल्टेजचा, आणि याबद्दल आधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात भर दुपारी, आकाश निरभ्र असताना सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) बंद पडायचा. ॲपवरच्या आलेखात ऐन बारा-एकला खड्डा. कारण असं की इन्व्हर्टरला वीज बाहेर ढकलायची तर लाईनपेक्षा व्होल्टेज किंचित वर न्यावं लागतं. गावात दुपारी लोड कमी, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जवळ, त्यामुळे लाईनचं व्होल्टेज आधीच चढलेलं. मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतःला तोडून घेतो. एजन्सीचा माणूस म्हणाला लाईनचा दोष, वायरमन म्हणाला सोलरचा दोष. शेवटी आलेखाचे फोटो आणि मीटरवर दिसणारं व्होल्टेज वेळेसकट लिहून अर्ज दिला, तेव्हा डीपीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) खाली घेतला गेला. एजन्सीकडून इन्व्हर्टर ते मीटर ही केबलही जाड घालून घेतली. त्यानंतर खड्डे गेले. तुमचं घर डीपीच्या जवळ असेल तर बसवण्याआधी दुपारचं व्होल्टेज दोन-चार दिवस नक्की मोजा.

लाईट गेली की सोलरही बंद. भर उन्हात, छतावर सगळं तापलेलं असताना. सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला. पण लाईन बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून शॉक बसू नये म्हणून ते असं केलेलं असतं, आणि ते तसंच हवं. भारनियमनात पंखे हवेत तर बॅटरीचा वेगळा खर्च आहे.

साफसफाई: आमच्या भागात गाळप हंगामात कारखान्याची काळी राख पडते, ती धुळीसारखी झटकून जात नाही. त्या काळात आठवड्याला भल्या सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने धुते. पाण्याच्या टाकीची सावली हिवाळ्यात एका पॅनलवर यायची. पॅनल साखळीत जोडलेली असल्याने एकावरची सावली सगळ्यांना खाली ओढते. टाकी उत्तरेला हलवली.

वाऱ्याचंही विचारतात, कारण चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या इकडे सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. कल्पना मनात भरते, कारण वारा नेमका पावसाळ्यात, सोलर झोपलेलं असताना, जोरात असतो. माझ्या दिराने पठाराजवळच्या शेतघरावर एक किलोवॅटची छोटी चक्की बॅटरीला जोडली आहे. आषाढ-श्रावणात ती उत्तम चालते, इतर वेळी फारसं काही नाही. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद आठव्या हिश्श्यावर येते. गावठाणात, घरं आणि झाडांमध्ये, वारा तुटक आणि गोंधळलेला असतो, तिथे चक्की लावून ग्रिडला वीज देण्याचा विचार मी तरी करणार नाही. उघडं पठार आणि उंच खांब असेल तर गोष्ट वेगळी.

कागदपत्रं पोर्टलवरून झाली. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची अट २०२४च्या नियमांनी काढली आहे, त्यामुळे तिथे अडलं नाही. अनुदान हवं तर पॅनल आणि त्यातले सेलही भारतीय बनावटीचेच लागतात. कोटेशनवर ते लिहून घ्या. नेट मीटर बसल्यावर पहिली दोन बिलं मीटरच्या फोटोशी ताडून बघा. आमच्या पहिल्या बिलात दिलेली युनिट चढलीच नव्हती, फोटो जोडून अर्ज केल्यावर पुढच्या बिलात दुरुस्ती झाली. आणि एप्रिलमध्ये येणाऱ्या बिलात मार्चअखेरची शिल्लक कोणत्या दराने धरली आहे तेही बघा, ती ओळ बारीक असते.