थ्रीएम ५२००: चिकटतं झकास, सुटायचं नाव घेत नाही

होडी माझी चौदा फुटी, फायबरची, शिडाची आणि चांगलीच जुनी. वाऱ्यावर जरा कलली की तळात पाणी जमायचं. गळती बंद करायला थ्रीएमची ५२०० ही पॉलियुरेथेन सीलंटची ट्यूब आणली. पाणी अडवण्यात तिला तोड नाही, पण सरसकट कुठेही फासायची ही वस्तू नव्हे.

ट्यूबचं टोक कापण्याआधी पाणी येतं कुठून ते शोधा. समुद्रात होडी हाकत असाल तर तळातलं पाणी बोटाने चाखून बघा; गोडं लागलं तर पावसाचं, म्हणजे डेकच्या, होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या, फिटिंगांमधून झिरपलेलं. नुसती बांधून ठेवली तरी भरते की कलल्यावरच भरते, हेही पाहा. माझी बांधलेली असताना जवळजवळ कोरडी राहायची, म्हणून संशय आधी डेक आणि हल (होडीचा खालचा सांगाडा) यांच्या सांध्यावर गेला. तळ खडखडीत पुसून टाल्कम पावडर भुरभुरली आणि होडी पाण्यात सोडली. पावडरीत ओघळ उमटतात, ते उलटे माग काढत जायचं. शंका उरली तर होडी बाहेर काढून सांध्याला साबणाचं पाणी लावा आणि आतून ब्लोअरने हलकी हवा द्या. फुगे येतील तिथे फट. कॉम्प्रेसर लावू नका, धडधाकट सांधेही उकलतील.

मुख्य ओघळ डेकच्या सांध्यातून निघाला. एक बारीक ओघळ सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या कोपऱ्यातून होता आणि थोडं पाणी बेलरच्या, म्हणजे आतलं पाणी बाहेर सोडणाऱ्या तळातल्या झडपेच्या, कडेने येत होतं. ५२०० लावलं ते फक्त सांध्याला. जुनं सीलंट खरवडलं, अ‍ॅसिटोनने पुसलं, दोन्हीकडे मास्किंग टेप लावली. पुसायला स्पिरिट घेऊ नका. अल्कोहोल राहिलं तर पॉलियुरेथेन नीट पकडत नाही. बोल्ट पहिल्यांदा बेताने आवळायचे, म्हणजे मधला थर सगळा पिळून बाहेर येत नाही. सीलंट जमल्यावर शेवटचा पीळ द्यायचा तो नटला, बोल्ट अजिबात फिरवायचा नाही. फिरवला की त्याच्याभोवतीची पकड तुटलीच.

धीर मात्र हवा. वरून चिकटपणा जायलाच ४८ तास आणि पूर्ण मुरायला ५ ते ७ दिवस. हवेतल्या ओलाव्यावर मुरत असल्याने कोरड्या हवेत आणखी रेंगाळतं. घाईत असाल तर फास्ट क्युअर प्रकार मिळतो. हातमोजे घालाच, कपड्यांना लागलेलं निघत नाही. उघडलेली ट्यूब उरवून ठेवण्यात अर्थ नाही, तोंडाशी दगड होतो. म्हणून लहान ट्यूब घ्या.

बेलरला ५२०० का नाही? कारण बेलर कधी ना कधी काढावा लागतो. आधीच्या मालकाने तो याच मालाने बसवला होता. सोडवताना सुरी आणि हीट गन दोन्ही लागल्या, वर जेलकोटचा (फायबरवरच्या गुळगुळीत थराचा) पापुद्रा आला तो वेगळाच. तिथे आता ४२०० हे थ्रीएमचंच कमी पकडीचं सीलंट वापरलंय. तेही पाण्याखाली चालतं आणि नंतर सोडवता येतं. डेकवरच्या क्लीटांना (दोर अडकवायच्या खुंट्यांना) मी ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ रबरी चिकट पट्टीच लावतो. खिडक्यांच्या अ‍ॅक्रिलिकजवळ ५२०० नेऊच नका.

पेटीच्या कोपऱ्यातल्या भेगेवर कुठलंच सीलंट चालणार नव्हतं. होडी पिळवटली की तीच जागा हलते. वरून थापलेला थर तात्पुरता. भेग घासून उघडी केली, सुकू दिली आणि इपॉक्सीत भिजवलेल्या काचकापडाच्या पट्ट्या चढवल्या. हे काम ट्यूब आणून आटपेल असं दुकानात कोणी सांगितलं तर ऐकू नका.

डेकच्या सांध्यातून आता थेंब येत नाही. कायमच्या जोडासाठी मी परत हीच ट्यूब घेईन. एकच होडी आणि एकच ट्यूब घ्यायची असेल, तर ४२०० घ्या.