बाजूच्या चाकांची स्कूटर, डाव्या पायाचा एक्सलरेटर की हँड कंट्रोल?

अपघात, पक्षाघात किंवा पाय कापावा लागल्यानंतर पुन्हा गाडी चालवायची म्हटलं की घरात पहिलं नाव निघतं ते बाजूच्या चाकांच्या स्कूटरचं. स्वस्त, ओळखीची आणि गल्लीतला मेकॅनिकही दुरुस्त करील अशी. पण किमतीआधी दोन गोष्टी तपासा. कोणता पाय किंवा हात भरवशाचा आहे? आणि हाताचा आधार न घेता कमरेवरचं अंग सावरतं का?

फक्त डावा पाय अधू असेल तर फार तुलना करायची गरजच नाही. ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो, उजव्या पायावर सगळं भागतं.

उजवा पाय अधू असेल तर खरा पेच पडतो. डाव्या पायाच्या एक्सलरेटरमध्ये ब्रेकच्या डावीकडे जादा पेडल येतं. ते लावलं की मूळ एक्सलरेटर दुमडलेला किंवा झाकलेला हवा, नाहीतर निर्जीव पाय घसरून त्यावर पडतो. दोन्ही हात स्टिअरिंगला मोकळे राहतात, हा याचा फायदा. तोटा सवयीचा आहे. डाव्या पायाला वर्षानुवर्षं क्लच तळापर्यंत दाबायची सवय असते, त्यामुळे सुरुवातीला ब्रेक जोरात लागतो आणि घाईत पाय चुकीच्या पेडलवर जातो. रिकाम्या मैदानावर ही सवय मोडेपर्यंत रस्त्यावर येऊ नका. त्याच गाडीत घरातलं दुसरं कोणी बसणार असेल, तर जादा पेडल काढता येणारंच घ्या. ते विसरून तसंच राहिलं, तर दुसऱ्याचा डावा पाय नकळत त्यावर पडतो.

मधुमेहामुळे पायाची संवेदना गेली असेल, तर पाय हलत असला तरी त्याच्यावर विसंबू नका. पाय कोणत्या पेडलवर आहे हेच कळत नाही. तिथे आणि दोन्ही पाय निकामी असतील तिथे हँड कंट्रोल घ्यावा. स्टिअरिंगखालच्या दांड्याला जोडलेल्या सळ्या पेडलना क्लॅम्पने बांधतात. बऱ्याच किटमध्ये दांडा पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. दुसऱ्या हाताने एकट्याने चाक फिरवायचं, म्हणून स्टिअरिंगवर गोल मूठ बसवतात. दांडा कोणत्या बाजूला घ्यायचा हे फिटरवर सोडू नका. आपल्याकडे गियर आणि हातब्रेक चालकाच्या डावीकडे असतात. दांडा उजव्या हातात असला, तर थांबल्यावर ब्रेक धरून डाव्या हाताने गियर टाकता येतो. दांडा डावीकडे असला की हातांची अदलाबदल करावी लागते. अर्थात उजवा हात कमजोर असेल तर हा हिशोब उलटतो.

पायात झटके येत असतील तर पेडलपुढे संरक्षक पत्रा लावाच. दांडा पूर्ण दाबून तो गुडघ्याला अडत नाही ना, हे आपल्या बैठकीत बसून बघा. समुद्राकाठी खाऱ्या हवेने सळ्यांचे सांधे आणि केबल जड होतात, म्हणून महिन्यातून एकदा नट-क्लॅम्प तपासून तेल द्या. पेडलखाली सरकणारी चटई काढून टाका.

आता स्कूटर. तिचं खरं दुखणं वळणावर कळतं. दुचाकी वळणात कलते, चार ठिकाणी टेकलेली स्कूटर कलत नाही, उलट बाहेर फेकते. आतल्या बाजूला अंग झुकवावं लागतं. ज्यांची कंबर सावरत नाही त्यांनी हा पर्याय इथेच सोडावा. मागची तीन चाकं एका ओळीत येतात. मध्ये खळगा असला की बाजूची चाकं टेकून राहतात, इंजिन ज्याला फिरवतं ते मधलं चाक अधांतरी फिरतं. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की डांबराच्या कडेवरून डावं चाक लाल मातीत उतरतं, पावसात तर हमखास. बधिर पाय फळीवरून सुटून घासतो किंवा सायलेन्सरला भाजतो आणि ते संध्याकाळी कपडे काढताना कळतं. पायाला पट्टा आणि बंद बूट हवेतच. व्हीलचेअरही सोबत नेता येत नाही. घर ते बाजार, कोरडा सपाट रस्ता आणि मजबूत धड असेल तर स्कूटर पुरेशी आहे. म्हापशाहून रोज पणजी गाठायची असेल तर नाही.

गाडी ऑटोमॅटिक म्हणजे कोणती, हेही बघा. एएमटी (साधाच गियरबॉक्स, पण क्लच आणि गियर यंत्र सांभाळतं) स्वस्त, पण उभ्या चढावर मागे सरकते. चढावर ती एक्सलरेटरवर धरून ठेवली की क्लच जळतो. सीव्हीटी (ठरावीक गियरऐवजी पट्ट्यावर चालणारी) किंवा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) गाडी संथ गतीत जास्त सौम्य चालते. चोर्ला घाटापेक्षा कठीण परीक्षा गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीच्या उतारावर होते: ओहोटीला चढ उभा, वर शेवाळ आणि मागे रांग. हिल होल्ड दोनेक सेकंदच ब्रेक धरतो. म्हणून तो असला तरी चढावर हातब्रेक लावून निघायचा सराव करा.

कागदपत्रांचा क्रम चुकला तर पैसे वाया जातात. डॉक्टरांचा सल्ला आणि दिव्यांगत्वाचा दाखला पहिला. मग बदलाला आरटीओची मंजुरी, त्यानंतर जोडकाम, तपासणी आणि आरसीवर नोंद. किटला वाहनांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता आहे का, तो कागद आगाऊ मागा. 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांसाठी बनवलेल्या किंवा बदललेल्या गाडीला ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ऐवजी ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा शब्द आहे. परवानाही त्या प्रकाराचा घ्यावा लागतो. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी नोंद नसलेल्या बदलावर बोट ठेवलं जातं. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवर सगळ्यांनाच 18 टक्के जीएसटी आहे. त्यामुळे दिव्यांगांसाठीच्या जुन्या 18 टक्के दराच्या सवलतीसाठी खरेदी लांबवण्यात अर्थ नाही.

शोरूममध्ये जाताना व्हीलचेअर घेऊन जा. गाडीच्या आणि खुर्चीच्या बैठकीची उंची मोजा. जितका फरक कमी, तितकं सरकणं सोपं. बुटक्या सेडानमधून वर चढणं आणि उंच एसयूव्हीत शिरणं, दोन्ही खांद्यांवर येतं. सीएनजीची टाकी असलेल्या डिकीत दुमडलेली खुर्ची मावते का ते बघा. चालकाचं दार उजवीकडे, म्हणजे डाव्या कडेला गाडी लावली की खुर्ची वाहत्या रहदारीत उघडावी लागते. रोजच्या थांब्यांवर उजव्या बाजूला साधारण मीटरभर मोकळी जागा मिळते का, हे गाडी ठरवण्याआधी फिरून पाहा.