कुमामोतोहून ताकाचिहो: गाइडसोबतची एक दिवसाची सहल, काही महिन्यांनंतर

ताकाचिहोला गाइड घेऊन जावं का, हा प्रश्न जपानमधल्या कुमामोतोतल्या आमच्या मोजक्या मराठी घरांत सुट्ट्या जवळ आल्या की हमखास निघतो. माझं उत्तर "हो, जरूर जा" असंच असतं, पण रात्रीचा मुक्काम तिथेच करा, हे मी सोबत बजावते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ही सहल केली. मग हिवाळ्यात सासूबाई आणि सासरे इकडे आले तेव्हा त्यांना घेऊन आम्ही आपले आपण गेलो. त्यामुळे गाइडमुळे काय मिळालं आणि सहलीत काय सुटलं, हे आता नीट सांगता येईल.

ताकाचिहो हे मियाझाकी प्रांतातलं डोंगरांत वसलेलं लहानसं गाव. रेल्वे नाही. पूर्वी होती, पण २००५ च्या सप्टेंबरात आलेल्या वादळात तिचे पूल वाहून गेले आणि ती बंदच पडली. कुमामोतोहून आसो ज्वालामुखीच्या कडेकडेने बसने अडीच-तीन तास लागतात. गावातली देवस्थानं एकमेकांपासून लांब आहेत आणि स्थानिक बस फार थोड्या. गाडी चालवत नसाल तर सहलीचे पैसे इथेच वसूल होतात.

पण गाइड लागतो तो वेगळ्याच कारणासाठी. या जागा स्वतःहून काहीच सांगत नाहीत. आमानो इवातो देवस्थानाचंच घ्या. सूर्यदेवी आमातेरासु रुसून ज्या गुहेत जाऊन बसली, ती गुहा हेच इथलं दैवत. म्हणून इथे मूळ गाभाराच नाही. समोर दिसते ती फक्त प्रार्थनेची लाकडी इमारत. न माहिती असलेला माणूस तिथे हात जोडतो, दोन फोटो काढतो आणि पाच मिनिटांत परत फिरतो. खरी गुहा नदीच्या पलीकडच्या कड्यात आहे. पुजाऱ्याला विनंती केली की तो तुमची शुद्धी करून इमारतीच्या मागे नेतो आणि समोरच्या झाडीत ती जागा दाखवतो. तिथे फोटो काढायचा नाही. पलीकडे कुणी जातही नाही. पुजारी सगळं जपानीत सांगतो. आमच्या गाइडबाई निवृत्त शिक्षिका. त्या हलक्या आवाजात इंग्रजीत सांगत होत्या आणि आम्ही सगळे त्या झाडीकडे टक लावून बघत होतो. दिसत फारसं काही नव्हतं, झाडं आणि कडाच. पण कुणाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

कथा त्यांनी एका दमात सांगितली नाही, आणि मला ही त्यांची सगळ्यात मोठी हुशारी वाटते. बसमध्ये सुरुवात झाली ती भावाच्या उच्छादापासून. सुसानोओने बहिणीच्या भाताच्या खाचरांचे बांध फोडले, पाट बुजवले, सोललेला घोडा विणकामाच्या घरात फेकला. ७१२ साली लिहिल्या गेलेल्या 'कोजिकी'त हा सगळा प्रकार येतो. आमातेरासु संतापली, घाबरली आणि गुहेत शिरून शिळा लावून बसली. जगात अंधार पडला. इथे त्या थांबल्या. पुढचं गुहेसमोर सांगेन, म्हणाल्या.

पुढचा भाग आमानो यासुकावारात. देवस्थानापासून नदीच्या काठाने दहा मिनिटं चालत गेलं की उजेड कमी होत जातो आणि एक रुंद, उथळ कपार समोर येते. तोंड साधारण चाळीस मीटर, आत तीस मीटर. आत एक छोटंसं देऊळ आणि तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान. आणि जिकडे पाहावं तिकडे दगडांवर रचलेले दगड, शेकडो, भाविकांनी नवस बोलून ठेवलेले. काठावरच्या ओल्या दगडांवर शेवाळ आलेलं. अंधार पडल्यावर असंख्य देव जमून खलबत करायला बसले ते इथे, असं मानतात. बेत रचणारा बुद्धीचा देव ओमोइकाने, त्याचीच इथे पूजा होते. गाइडबाईंनी आम्हाला तिथे उभं करून बेत सांगितला: कोंबडे आरवायला लावायचे, आरसा घडवायचा, रत्नांच्या माळा झाडाला टांगायच्या. मग उझुमे देवीने उपड्या पिंपावर पाय आपटत असा काही नाच केला की सगळे देव खो खो हसले. मी नसताना हे हसतात कसे, म्हणून आमातेरासुने शिळा जराशी सरकवली. तुझ्याहून थोर देवी आलीय, असं सांगून देवांनी आरसा पुढे धरला. ती वाकून बघते तोच ताजिकाराओ या बलवान देवाने हात धरून तिला बाहेर ओढलं, आणि दुसऱ्या देवाने मागे दोर ताणला, पुन्हा आत जायचं नाही म्हणून. जपानमधल्या प्रत्येक देवस्थानावर गवताचा पिळलेला दोर दिसतो, तो मी कित्येकदा पाहिला होता. त्याचं मूळ या गोष्टीत आहे, हे तिथे उभी असताना कळलं. आता कुठेही तो दोर दिसला की ही गोष्ट आठवतेच.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी कुठल्याही पाटीवर माझ्या नजरेस पडली नसती. देवस्थानाच्या आवारात ओगातामा नावाचं झाड आहे. उझुमेने नाचताना याचीच फांदी हातात धरली होती, अशी तिथली श्रद्धा. त्याच्या फळांचा घोस त्यांनी जवळून दाखवला आणि मग देवकथांवरच्या कागुरा नृत्यात वापरतात त्या घुंगरांच्या झुबक्याचं चित्र शेजारी धरलं. हुबेहूब तसाच आकार. घरी आल्यावर शोधलं तर हे झाड आपल्या सोनचाफ्याचं जवळचं नातेवाईक निघालं. सासूबाईंना हिवाळ्यात दाखवलं, तर त्या पानांवरूनच म्हणाल्या, "अगं, चाफ्याच्या जातीतलं दिसतंय."

ताकाचिहोची घळ सुंदर आहे, त्यात वाद नाही. आसोच्या उद्रेकांतून वाहत आलेली तप्त राख थिजून तिचे खांब झाले, गोकासे नदीने ते चिरत नेले आणि १७ मीटर उंचीचा मानाइ धबधबा थेट पात्रात कोसळतो. पण होडीच्या रांगेपायी आमचा दुपारचा बराच वेळ गेला, आणि त्याची किंमत ताकाचिहो देवस्थानाने मोजली. सुगीची, म्हणजे जपानी देवदाराची, जुनी प्रचंड झाडं, जोडीने प्रदक्षिणा घालतात ते जुळं झाड, देवळावरचं किहाचि राक्षसाला चिरडणाऱ्या देवाचं कोरीवकाम, हे सगळं घाईघाईत आटोपलं. सहल ठरवताना होडी वगळून देवस्थानांना वेळ देतील का, हे विचारा. पाणी वाढलं की होडी तशीही बंद असते.

माझी खरी तक्रार मात्र परतीच्या वेळेची. संध्याकाळी पाचला बस निघाली. ताकाचिहो देवस्थानात रोज रात्री आठ वाजता तासभर कागुरा होतो, तिकीट हजार येनचं. सकाळपासून ऐकलेली गोष्ट तिथे मुखवटे घालून साक्षात समोर नाचते: ताजिकाराओ कान लावून शिळेचा अंदाज घेतो, उझुमे नाचते, मग शिळा उचलली जाते. ते न बघता परतणं म्हणजे जेवण वाढून झाल्यावर पानावरून उठणं. तक्रारीच्या फॉर्ममध्ये मी हे लिहिलंही, उत्तर आलं नाही.

हिवाळ्यात मुक्काम करून तो पाहिला. शेवटचा नाच इझानागि-इझानामि या आदिदांपत्याचा. दोघं मिळून मद्य गाळतात, पितात, लाडात येतात, प्रेक्षकांत घुसतात. ज्येष्ठांना आधी कल्पना द्या, म्हणजे मोकळेपणाने हसतील. आमच्याकडे सासरेबुवाच सगळ्यात जास्त हसले.

एक गोष्ट सहलीत खटकली. निनिगि, म्हणजे आमातेरासुचा नातू, स्वर्गातून "याच ताकाचिहोत उतरला" हे ठामपणे सांगण्यात आलं. मियाझाकी आणि कागोशिमाच्या सीमेवर किरिशिमा डोंगरांत ताकाचिहो-नो-मिने नावाचं १५७४ मीटरचं शिखर आहे, त्याचाही तोच दावा आहे आणि माथ्यावर भाला रोवलेला आहे. हा वाद जुना आहे. सांगितला असता तर गोष्टीचं वजन उणं झालं नसतं. आपल्याकडेही एकाच कथेवर दोन-दोन गावं हक्क सांगतात, आणि भाविक दोन्हीकडे जातात.

जेवणाचं आधी बोलून ठेवा. सहलीच्या डब्यात मांस-मासे होतेच. "शाकाहारी" म्हणून मिळणाऱ्या गार शेवयांसोबतच्या पाण्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. ओनिगिरी (भाताचे गोळे), फळं आणि घरचे ठेपले बरोबर ठेवले तर चिंता नाही. यासुकावाराची वाट खाली उतरते, पायऱ्या ओल्या असतात. सासूबाईंनी काठी घेऊन, थांबत थांबत केली. गुडघे दुखत असतील तर वर देवस्थानातूनच आमातेरासुच्या गुहेचं दर्शन घ्या.

या सहलीने मला सगळ्यात मोलाचं दिलं ते पुढचं वेड. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत तिथल्या वस्त्या आळीपाळीने कुणाच्या तरी घरी किंवा सार्वजनिक सभागृहात रात्रभर कागुरा करतात, ३३ नाच, संध्याकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत. नाचणारे गावातलेच लोक, दिवसा शेती-नोकरी करणारे. गुहा उघडण्याचा भाग पहाटेच्या सुमारास येतो. आम्ही एका वस्तीत मध्यरात्रीपर्यंत बसलो. कागद कोरून केलेल्या झालरी, मधोमध दोरांनी आखलेला चौक, बांबूच्या नळीतून गरम साके ओतणारे यजमान. परक्यांनाही बसायला जागा दिली जाते. जाताना शोचू या जपानी दारूची बाटली किंवा पैशांचं पाकीट द्यायची पद्धत आहे, रिकाम्या हाताने जाऊ नका. थंडी कडाक्याची असते, जाड मोजे आणि पांघरूण न्या.

यंदाच्या हिवाळ्यासाठी वस्त्यांच्या तारखा गावच्या पर्यटन कार्यालयाकडून आधीच घ्या, आणि तारखा कळतील त्याच दिवशी खोली बुक करा. गावात राहायच्या जागा थोड्या आहेत, शनिवार तर लगेच भरतो.