सचोटी कक्षाला पाचपैकी तीन गुण, त्यातला एक लेखन केंद्रातल्या बाईंचा

मी पोटासाठी मुद्रितशोधन करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात खुणा करायच्या, हे माझं काम. एका शुक्रवारी संध्याकाळी सहा चाळीसला विद्यापीठाकडून ‘गैरप्रकारा’ची मेल आली, तेव्हा मी पहिल्यांदा त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले. रडू रात्री आलं.

नोकरी सांभाळून एमए करत होते. त्या काळात विद्यार्थी वर्तन आणि शैक्षणिक सचोटी कक्षाच्या (कॉपी, उचलेगिरी असले आक्षेप बघणारं विद्यापीठाचं कार्यालय) जवळजवळ प्रत्येक खिडकीशी माझी गाठ पडली: प्रवेशाच्या वेळचा कोर्स, निबंध तपासणारं सॉफ्टवेअर, पत्र, सुनावणी, लेखन केंद्र. प्रकरण मिटल्यावर त्यांनीच मला वर्षभरासाठी सुनावणी घेणाऱ्या समितीवर विद्यार्थी-सदस्य म्हणून घेतलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहून झाल्या. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. तिथली काही माणसं आता माझी ओळखीची झाली आहेत.

प्रवेशाच्या कोर्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चाळीस मिनिटं, वीस प्रश्न. ‘मित्राने तुमचा निबंध मागितला तर काय कराल?’ पर्याय: देईन, विकेन, नम्रपणे नकार देईन. ज्याला विकायचा आहे तोही तिसऱ्याच गोलावर टिचकी मारणार. शिवाय पडद्यावर मूल्यांचं पोस्टर: प्रामाणिकपणा, विश्वास, न्याय्यता, आदर, जबाबदारी, धैर्य. ही यादी १९९२ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक सचोटीच्या आंतरराष्ट्रीय केंद्राची. यादी चांगली आहे, धैर्य त्यात मागाहून आलं. पण डोनाल्ड मॅककेब आणि लिंडा ट्रेविनो या अमेरिकन संशोधकांनी १९९३ साली ३१ संस्थांमधल्या सहा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, त्यात कॉपी करण्या-न करण्याशी सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो आजूबाजूची मुलं काय करतात याचा. पोस्टर वाचून कोणी सुधारत असेल असं मला वाटत नाही. कोर्सला गुण शून्य, पण रागही नाही.

आता माझं प्रकरण. सॉफ्टवेअरने माझ्या निबंधाला ३४ टक्के साम्य लावलं, म्हणजे तेवढा मजकूर दुसऱ्या कुठल्या ना कुठल्या लेखनाशी जुळतो. टर्निटिन हेच ते सॉफ्टवेअर, त्याच्या रंगात २५ ते ४९ टक्के म्हणजे पिवळा. पत्रात लिहिलं होतं, ‘आपण केलेल्या गैरप्रकाराबाबत सात दिवसांत खुलासा करावा.’ अहवाल जोडलेला नव्हता. कुठला परिच्छेद, कुठला स्रोत, काही नाही. मी पत्र छापून घेतलं आणि पेन्सिल हातात घेतली. ‘केलेल्या’ला वर्तुळ केलं. अजून कोणी काही ऐकलेलं नाही, ठरवलेलं नाही, आणि क्रियापद मात्र झालेल्या गोष्टीचं! तिथे ‘आलेल्या आक्षेपाबाबत’ हवं. पुढे ‘सोबत कोणालाही आणता येईल’ हे वाक्य होतं, पण तिसऱ्या पानावर, अपिलाच्या मुदतीखाली, बारीक टाइपात. ते पहिल्या पानावर असतं तर तो शनिवार-रविवार मी एकटीने काढला नसता. शुक्रवारी सहा चाळीसला पाठवायचं आणि सहा वाजता कार्यालय बंद करायचं, हा मुद्दाम केलेला छळ नव्हता. नंतर आत गेल्यावर कळलं की आठवड्याची पत्रं शुक्रवारी एकगठ्ठा निघतात. पण पत्र घेणाऱ्याला ते कसं कळणार?

सोमवारी अहवाल मागितला, तो लगेच मिळाला. (असं पत्र कोणाला आलंच, तर खुलासा लिहायला बसण्याआधी पूर्ण अहवाल मागा. नुसता आकडा नको, रंगीत खुणांसकट.) उघडून बघते तर निम्मा पिवळा-लाल भाग माझ्या संदर्भसूचीचा. पुस्तकांची नावं दुसऱ्या निबंधांतल्या नावांशी जुळणारच, नाहीतर ती पुस्तकं वेगळी असती. उरलेल्यात अवतरणचिन्हांतली अवतरणं. एके ठिकाणी ‘वरील विवेचनावरून असे दिसून येते की’ हे शब्द लाल, आणि शेजारी कुठल्याशा अनोळखी विद्यार्थ्याच्या निबंधाकडे बोट. ही चोरी धरली तर अख्खं मराठी संशोधन आत जाईल. अवतरणं आणि सूची वगळण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, नुसती खूण करायची. ती कोणी केली नव्हती. केल्यावर ३४ चे ९ झाले.

इथपर्यंत गोष्ट माझ्या बाजूची आहे. पण त्या ९ मध्ये एक परिच्छेद होता. एका लेखातून घेतलेला, शेवटी संदर्भ दिलेला. शब्द मी बदलले होते, एकेका शब्दाला चांगला पर्याय शोधून, धंद्याची सवय. वाक्याची हाडं मात्र त्या लेखकाचीच होती. त्यांनी ज्या क्रमाने मुद्दे मांडले त्याच क्रमाने माझे, त्यांनी जिथे ‘परंतु’ घातला तिथेच माझा ‘मात्र’. सॉफ्टवेअरने त्यातले जेमतेम दोन तुकडे पकडले होते. सुनावणीत समितीतल्या एका प्राध्यापकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, ‘यात तुमचं काय आहे?’ मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून मी टक्क्यांवर विश्वास ठेवत नाही, कुठल्याच बाजूने. भारतात यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. त्यात अवतरणं आणि संदर्भसूची तपासणीतून आधीच वगळायला सांगितलंय, ओळीने चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य साम्य सोडून दिलंय, आणि १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. त्या मापाने मी अहवालातच सुटले असते. आमच्या कक्षाच्या ३४ ने दोषी, यूजीसीच्या ९ ने निर्दोष, आणि तो परिच्छेद दोन्हीकडे न वाचलेलाच. टर्निटिनवाले स्वतः सांगतात की हा आकडा साम्याचा आहे, चौर्याचा निकाल नव्हे. ते वाक्य कोणी वाचत नाही.

सुनावणीला चांगले गुण देते. स्वतःच्या नियमात तीस दिवस लिहिलेत आणि लागले सत्तेचाळीस, ते वजा करून. तिघं जण होते, तिघांनीही निबंध वाचला होता. पुरावा किती लागतो हे सुरुवातीलाच सांगितलं: शंभर टक्के खात्री नको, ‘घडलं नसेल’पेक्षा ‘घडलं असेल’ जास्त पटलं की पुरे. कडक आहे, पण निदान उघड आहे. निकाल: लेखी ताकीद, आणि लेखन केंद्रात दोन बैठका.

त्या बैठका म्हणजे या सगळ्या यंत्रणेतलं सोनं, आणि त्या शिक्षा म्हणून ठेवल्यात! तिथल्या बाईंनी मला मूळ लेखाचं एक पान वाचायला दिलं. मग पान उलटं ठेवलं. म्हणाल्या, ‘आता मला सांगा.’ मी बोलायला लागले, अडखळले, दोनदा पानाकडे हात गेला, दोन्ही वेळा त्यांनी पान आणखी लांब सरकवलं. ‘जे सांगता येत नाहीये ते तुम्हाला कळलेलं नाही. ते सोडा. जे सांगता आलं तेच लिहा.’ लिहिलं. मग पान सुलट करून ताडून पाहिलं. क्रम वेगळा, लांबी निम्मी, आणि एक मुद्दा मी चुकीचा समजले होते तो तिथेच उघडा पडला. अर्ध्या तासाचं काम. हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना का देत नाहीत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आम्ही दोघीच आहोत.’

समितीवरच्या वर्षात आमचा बराच वेळ एआयने खाल्ला. शिक्षक एआयचं लेखन पकडणाऱ्या ओळखयंत्राचा आकडा घेऊन येत, ‘८२ टक्के यंत्राने लिहिलंय’. मी दर वेळी तीच फाइल पुढे सरकवायची. तिच्यात हे होतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैत अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी ते २६ टक्केच पकडत होतं, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्क्यांवर खोटा ठपका. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध सात ओळखयंत्रांना घातले, तर सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची एआय ओळखण्याची सोय बंदच केली. त्यांचा हिशोब साधा होता: २०२२ मध्ये ७५ हजार निबंध तपासले, चूक एक टक्का धरली तरी साडेसातशे जणांवर खोटा आळ.

एक मुलगी आली होती, परक्या भाषेत लिहिणारी. छोटी, सरळ, शिकवल्यासारखी वाक्यं. तिने लॅपटॉप उघडून दस्तऐवजाचा इतिहास दाखवला: अकरा दिवस, रात्रीच्या वेळा, एक परिच्छेद चार वेळा खोडलेला. आम्ही दहा मिनिटांत प्रकरण बंद केलं. तिची झोप किती रात्री गेली त्याची नोंद आमच्याकडे नव्हती. उलट एका मुलाचा निबंध सगळ्या यंत्रांतून स्वच्छ निघाला होता. त्याला त्याच्याच निबंधातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला, तर तो खिडकीकडे बघत बसला. विकत घेतला होता. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये अशा लिहून देणाऱ्यांचा धंदा गुन्हा ठरवलाय. आमच्या नियमात शिक्षा फक्त घेणाऱ्याला.

शिक्षेच्या बाबतीत मात्र कक्षाचं कौतुक. चेतावणी, पुन्हा लेखन, गुणकपात, निलंबन अशा पायऱ्या आहेत. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८४२ पासूनची मानसंहिता (ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणाची नियमावली) आहे, विद्यार्थीच चालवतात, आणि तिथे फार मोठा काळ शिक्षा एकच होती: कायमची हकालपट्टी. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांनीच मतदानाने ती बदलली. एकच शिक्षा आणि तीही एवढी जड असेल, तर ‘दोषी’ म्हणून हात वर करायला समितीतलं कोण धजावणार?

कक्षाचा वार्षिक अहवाल हा माझा शेवटचा राग. ‘प्रकरणांत २० टक्के घट’ असं अभिमानाने छापतात. माझ्या ओळखीच्या तीन शिक्षकांनी प्रकरणं पाठवणंच सोडलंय, कारण फॉर्म नऊ पानी आहे. ते विद्यार्थ्याला केबिनमध्ये बोलावून परस्पर गुण कापतात. घट झाली ती अशी. निकालाला किती दिवस लागले, किती आळ खोटे निघाले, ताकीद मिळालेले किती जण परत आले, यातला एकही आकडा त्या अहवालात नाही.

माझी मुदत संपताना संचालकांनी पत्राचा नवा मसुदा माझ्याकडे पाठवला, ‘तुम्ही या क्षेत्रातल्या आहात, बघाल का?’ मी अकरा दुरुस्त्या करून दिल्या. चार घेतल्या. अहवाल आता पत्रालाच जोडतात, सोबत कोणाला आणता येईल ते पहिल्या पानावर आलंय, पत्रं मंगळवारी निघतात, आणि ‘केलेल्या’च्या जागी ‘आलेल्या आक्षेपाबाबत’ झालंय. मेलच्या विषयाच्या ओळीत मात्र अजून ‘गैरप्रकार’ आहे. ती ओळ म्हणे सिस्टिममधून आपोआप येते.