पीएम किसान अन् नमोचा हप्ता, सहा वर्षं घेऊन मग लिहितोय

पाचपैकी साडेतीन स्टार.

आमच्या आबांच्या नावावर सव्वादोन एकर आहे, २०१९ ला योजना आली तेव्हाच नाव घातलेलं. केंद्राचे वर्षाला ६००० म्हणजे चार महिन्याला २०००, त्यावर २०२३ पासून राज्याचं नमो शेतकरी तेवढंच, सगळं मिळून वर्षाचे १२०००. आधी चांगलं सांगतो. पैसे थेट खात्यात पडतात, मधे कुणाला चहा पाजावा लागत नाही की सहीसाठी हेलपाटे नाहीत. नुकसानीच्या याद्यांत आपलं नाव शोधत ज्यानं दिवस घालवलेत त्याला ह्याची किंमत कळते.

रकमेचं म्हणाल तर केंद्राचे ६००० पहिल्या दिवसापासून तेवढेच आहेत. एका हप्त्यात डीएपी खताची एक गोणी (१३५०) अन् युरियाच्या दोन (२६६.५० ची एक) येतात, वर शंभर-सव्वाशे उरतात, तेही दुकानदारानं लिंकिंगमधे (खत हवं तर सोबत दुसरा मालही घ्यायला लावतात ते) भलतंच काही गळ्यात मारलं नाही तर. पण पेरणीच्या तोंडावर आला की तेवढाच हातउसना टळतो, खोटं कशाला बोला.

आता दीड स्टार कुठं गेला ते. हप्ता थांबला की का थांबला हे सांगणारं कुणी भेटत नाही. गेल्या साली आमचे पीएमचे दोन अन् नमोचा एक असे तीन हप्ते आलेच नाहीत. बँकेत म्हणाले आमच्याकडं काही आलं नाही, ऑफिसात म्हणाले आम्ही पाठवले, आबा आपले दर सोमवारी पासबुक छापून आणायचे अन् त्यावर फक्त व्याजाचे चौदा रुपये. शेवटी भाच्यानं योजनेच्या साईटवरचं स्टेटस नीट वाचलं तर पेमेंट झालेलं, बँक मात्र दुसरीच! मग आबांना आठवलं, बाजाराच्या दिवशी एक पोरगा मशीन घेऊन बसला होता, झिरो बॅलन्स खातं काढतो म्हणून अंगठा घेतलेला. हप्ता तुम्ही दिलेल्या खाते नंबरवर जात नाही, आधार शेवटचं ज्या खात्याला डीबीटीसाठी (म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला) जोडलं तिथं जातो. सहा हजार तिथं निवांत पडलेले. म्हणून कुणालाही अंगठा देण्याआधी विचारा कशाला घेतोस, अन् आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस (आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते) बघून घ्या, दोन मिनिटाचं काम आहे.

ईकेवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवायचा, ताप वेगळाच. आबांच्या अंगठ्यावर रेघाच राहिल्या नाहीत, खुरपं धरून धरून गुळगुळीत झालाय, मशीन घेतच नव्हतं. तेल लावलं, पुसलं, दुसरं बोट दिलं, काही नाही. नंतर मोबाईलवर चेहरा दाखवून व्हायला लागलं तेव्हा सुटलो, फक्त डोळे मिचकाव म्हटलं की आबा दोन्ही घट्ट मिटून बसायचे.

नियमातली एक गोष्ट मला पटत नाही. सगळं सातबाऱ्यावर आहे. शेजारचा गडी चार एकर बटईनं करतो, खत-मजुरीत निम्मा खर्च त्याचा, त्याला छदाम नाही. मालक शहरात, हप्ता त्याच्या खात्यात. अन् १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेऊन नावावर झालेली जमीन चालत नाही, वारसानं आलेली चालते, त्यामुळं घरात कुणी गेलं असेल तर वारस नोंदीचा फेरफार लांबवू नका, आमच्या पाहुण्यात दोघांचं तेवढ्यानं अडकलंय.

फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख नंबर) पण काढून ठेवा, राज्याच्या कृषी योजनांना १५ एप्रिल २०२५ पासून लागतोच. हप्त्याची तारीख जाहीर झाली की ही ऑनलाईन कामं करून देणाऱ्या सेंटरवर पाय ठेवायला जागा नसते, आम्ही भर उन्हात जेवायच्या टायमाला गेलो, मोकळंच होतं.