स्पंजासारखं पेडल आणि दोन डबे: सिलिकॉन की डॉट ४?

ब्रेकचं पेडल मऊ लागतंय म्हणून दोन-तीनदा ब्रेकच्या तेलातली हवा काढून झाली, आणि आता ‘एकदाचं सिलिकॉनच भरून टाकू’ असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सिलिकॉन भरून बसलेत आणि पस्तावताहेत, त्यांनीही वाचायला हरकत नाही. मी साध्या ब्रेक ऑइलकडून, म्हणजे डॉट ४ कडून, सिलिकॉनच्या तेलाकडे जाऊन परत आलेला माणूस आहे.

माझी गाडी १९६५ची एमजीबी, उघड्या टपाची स्पोर्ट्स गाडी, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातली. पुढे डिस्क, मागे ड्रम, ब्रेकची लाइन एकच आणि सर्वो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र, नाही. त्यामुळे तेलात जे काही चाललंय ते थेट तळपायाला कळतं. नव्या गाडीत सर्वो बऱ्याच गोष्टी झाकून नेतो, इथे ती सोय नाही.

तेलाकडे वळण्याआधी एक सांगतो, कारण मी स्वतः इथेच चुकलो होतो. पेडल खोल जाणं वेगळं आणि मऊ लागणं वेगळं. खोल जातं पण शेवटी टणक लागतं, तर आधी मागच्या ड्रमचे लायनर ॲडजस्ट करा. प्लेटमागचा चौकोनी ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळायचा आणि चाक मोकळं फिरेल इतकाच मागे सोडायचा. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती दिसत नसली, तर बहुतेक मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबलं की तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचे, रबर गेलेत. खरा स्पंज तो, जो दाबला की दबतो, पाय उचलला की वर ढकलतो, आणि ज्याला तळ म्हणून लागतच नाही.

हा स्पंज नेमका कुठे आहे ते शोधायला माझा भरवसा होज-क्लॅम्पवर. या गाडीला रबरी होज तीनच, पुढे दोन आणि मागच्या ॲक्सलला एक. गोल दांड्यांच्या क्लॅम्पने तिन्ही दाबून बंद करायचे आणि पेडल दाबायचं. दगडासारखं लागलं तर मास्टर सिलिंडर आणि वरचे पाइप ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडायचा. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल मऊ पडेल, घोटाळा त्या बाजूला. पक्कड वापरू नका, आणि स्टीलची जाळी असलेले होज असतील तर हा प्रयोगच नको. होज जुने झाले असतील तर निदानाच्या भानगडीत न पडता बदलून टाका. आतून फुगणारा होज हवेची इतकी हुबेहूब नक्कल करतो की माणूस महिनाभर हवाच काढत बसतो.

एवढं सगळं करूनही माझं पेडल मऊच राहिलं. चारही चाकांना सारखंच मऊ. उरलं होतं फक्त तेल.

आता सिलिकॉन, म्हणजे डॉट ५, मी का भरलं होतं ते सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. गाडी घेतली तेव्हा मास्टर सिलिंडरखालचा रंग उकडलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. साधं ब्रेक ऑइल रंगाचं काय करतं हे ज्याने पाहिलंय त्याला अधिक सांगायला नको. नवा रंग मारून घेतला, पाइप, रबर, होज सगळं नवीन टाकलं, आणि वाटलं की आता पुन्हा तो प्रकार नको. सिलिकॉन रंगाला हात लावत नाही. शिवाय हवेतलं पाणी शोषत नाही, त्यामुळे सिलिंडर आतून गंजायचं भय कमी. हिवाळ्यात गाडी पाच-पाच महिने उभी राहते, तेव्हा हा मुद्दा मनाला पटतो. अमेरिकी लष्कराने १९८०च्या दशकात आपल्या वाहनांत सिलिकॉन आणलं, त्यामागेही लांब काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचाच विचार होता. डॉट ४ पेक्षा तिपटीहून महाग पडलं, पण तेवढं मी सोसलं.

पण हे तेल हवेला धरून ठेवतं, आणि माझं गाडं तिथेच अडलं. ओतताना जरा घाई केली, डबा हलला, पेडल भराभर मारलं की बारीक बुडबुडे होतात आणि ते वर यायचं नाव घेत नाहीत. पारदर्शक नळीतून बघताना जांभळ्या तेलात साबुदाण्यापेक्षाही लहान ठिपके दिसायचे. रात्रभर थांबायचं, सकाळी पुन्हा निपल, म्हणजे चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू, उघडायचं, पुन्हा ठिपके. स्टेपनीच्या हवेच्या दाबावर तेल ढकलणारी बाटली मी वापरून पाहिली, आणि ती तर या तेलासाठी उलटीच पडली असावी. दाबाखालची हवा थेट तेलाला भिडते आणि सिलिकॉन ती आनंदाने पिऊन घेतं. दोन महिन्यांत चार वेळा हवा काढली. थंड गाडीत पेडल ‘चालेल’ म्हणण्याइतकं झालं, त्यापुढे नाही.

मग एका रविवारी इथे इंग्लंडात मोरटनकडून ब्रॉडवेला उतरताना फिश हिल लागला. हा उतार वळणावळणाचा आणि लांब आहे. पहिल्या वळणाला पेडल ठीक होतं. तिसऱ्या वळणापर्यंत ते ओल्या कणकेसारखं झालं. गाडी थांबत नव्हती असं नाही, थांबत होती. पण किती दाबलं की किती थांबेल हा अंदाज पायातून निघून गेला, आणि शेजारी मुलगी बसलेली. सिलिकॉन मुळातच थोडं जास्त दबतं आणि तापलं की आणखी दबतं, हे मी आधी वाचलेलं होतं. पायाखाली अनुभवलं त्या दिवशी.

खाली पार्किंगमध्ये मागच्या गाडीतल्या गृहस्थांनी येऊन अगदी सभ्यपणे सांगितलं की तुमचे ब्रेकचे दिवे लागत नव्हते. माझ्या गाडीत तो स्विच तेलाच्या दाबावर चालतो. सिलिकॉनवर असताना असे दोन स्विच गेले, डॉट ४ वर आल्यापासून एकही नाही. कारण सिलिकॉनच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, हल्ली स्विचही तकलादू येतात. पण ही तक्रार जुन्या गाड्यांच्या लोकांत मला एकट्याची दिसली नाही.

परत येणं सोपं नव्हतं. ही दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे नुसतं वरून ओतून चालत नाही. सगळं तेल काढलं, पाइप स्पिरिटने धुऊन हवेने सुकवले, रबर आणि होज पुन्हा नवे घातले. दुकानात मागताना जपा: डॉट ५.१ हे नाव सिलिकॉनचं भावंड असल्यासारखं वाटतं, पण ते डॉट ४ च्याच घराण्यातलं आहे.

हवा काढायला यावेळी कुठलंही यंत्र आणलं नाही. पुण्याला वडिलांच्या पद्मिनीची काढायचो तशीच काढली: बाटली, नळी, पाना आणि पायाला एक माणूस. तेव्हा पायाला मी असायचो, आता मुलगी.

‘दाब.’

‘दाबलं, बाबा.’

मी निपल उघडून बंद करायचा, मग ‘सोड’, मग तिचं ‘सोडलं’. मधेच ती म्हणाली, ‘बाबा, आता खाली जातच नाहीये.’ चौथ्या चाकाला आलो होतो. अर्धा-पाऊण तास झाला असेल. त्यानंतर पुन्हा फिश हिल उतरलो, पेडल वर होतं तसंच खाली.

डॉट ४ ची कटकट मी लपवत नाही. ते पाणी पितं. प्रमाणानुसार ताजं असताना ते किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, पण ३.७ टक्के पाणी गेलं की ती मर्यादा १५५ वर येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलणं आलं. रंगाचं भय तर आहेच. त्यावर माझा उपाय एवढाच की काम करताना शेजारी पाण्याची बादली आणि फडकं ठेवायचं. हे तेल पाण्यात विरघळतं, थेंब पडला की लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. अजून तरी रंग शाबूत आहे. आणि सिलिकॉनमध्ये पाणी शिरतच नाही असंही नाही. शिरलेलं पाणी मिसळत नाही, कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला पकडणाऱ्या भागाच्या, तळाशी जाऊन बसतं. तिथे ते गंजही आणतं आणि १०० अंशांना उकळतंही.

मुंबईत किंवा कोकणात गाडी असेल तर पावसाळी हवेकडे बघून सिलिकॉनचा मोह होईल, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. तरी मी तिथे डॉट ४ च भरेन आणि दरवर्षी दिवाळीच्या आसपास बदलेन. कारण तिथली गाडी बाहेर काढली की घाट आलाच. खंबाटकीत तेल थोडं गळालं तर पुढच्या गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट ४ मिळेल, सिलिकॉन शोधत बसावं लागेल.

गाडी मुख्यतः प्रदर्शनात उभी करायची असेल, सगळी ब्रेक व्यवस्था कोरी असेल, रस्ते सपाट असतील आणि हवा काढायला तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त सबुरी असेल, तर सिलिकॉन घ्या. ज्यांचं ते उत्तम चाललंय अशी दोन माणसं मला माहीत आहेत. दोघेही डोंगरात गाडी नेत नाहीत, हे आपलं जाता जाता.

उरलेलं अर्धा लिटर जांभळं तेल गॅरेजच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे. झाकणाला चिकटपट्टी लावलीय आणि मुलीने मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘हे नाही!’