सोलापूरच्या कोर्टातली मोफत कायदेशीर मदत, आमच्या भिंतीचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

घराच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटनी बाण मारून गेले तेव्हा मी घरी नव्हते, सासूबाई एकट्याच ओट्याच्या पायरीवर बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरत होत्या, त्यांना उठा म्हणाले आणि त्या बसल्या होत्या बरोबर त्याच्या वर फुली मारली. मी आले तर रंगाचे ओघळ पायरीपर्यंत आलेले, सुताच्या एका बाचक्यावर पण लाल ठिपके. सोबत एक कागद, की रस्त्यात अतिक्रमण आहे, ३ दिवसात काढा नाहीतर आम्ही पाडू आणि खर्च तुमच्याकडून घेऊ. कुठलं खातं ते लिहीत नाही, आम्हाला याच गावात राहायचंय.

साखर पेठेत आमचं घर, पुढं दोन खोल्या, मागं शेडमध्ये दोन लूम, टॉवेल काढतो. त्याच भिंतीवर लूमचा मेन स्विच आहे, म्हणजे भिंत गेली की धंदाच बंद. शेजारचे काका म्हणाले, "काय करलालाव वैनी, सरकारपुढं कुणाचं चालतंय व्हय." दुसऱ्या दिवशी एक एजंट हजर, साहेबांशी बोलतो म्हणून पैसे मागायला लागला, आणि खरं सांगते, आमचे हे द्यायला तयार पण झाले होते. मला ते पटेना. १९३० ला इंग्रजांचा मार्शल लॉ सोसलेलं गाव आपलं, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं हुतात्मे फासावर गेले ते इथलेच, आणि आपण एका कागदाला घाबरून खिशात हात घालायचा?

बचत गटातल्या एका ताईंनी सांगितलं की कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथं फुकट वकील मिळतो. मला वाटलं फक्त एकदम गरिबांना देत असतील. तसं नाहीये. १९८७ चा कायदा आहे त्याचा, आणि बाईमाणसाला त्यात उत्पन्नाची अटच नाही, कितीही कमाई असू दे. एससी, एसटी, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना पण मिळतो, म्हणजे आपल्याकडच्या लूमवाल्या कामगारांनी तर हे नक्की विचारून बघा. वकिलाची फी नाही आणि कोर्ट फी पण नाही. १५१०० नंबरला फोन केला तरी माहिती देतात.

घर सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून अर्ज त्यांच्याच नावानं केला. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकीलबाई मिळाल्या आम्हाला. त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल तर प्रॉपर्टी कार्ड. मी नोटीस पुढं करतेय आणि त्या म्हणतायत नोटीस ठेवा बाजूला, आधी तुमची हद्द कुठंपर्यंत आहे ते दाखवा. मी तर सुप्रीम कोर्टाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझरवाला निकाल मोबाईलवर काढून नेला होता, की कमीत कमी १५ दिवसांची नोटीस पाहिजे, रजिस्टर पोस्टानं पाहिजे, म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय पाडायचं नाही, आणि हे न पाळता पाडलं तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. बाई म्हणाल्या निकाल बरोबर आहे पण पुढचं पण वाचा, सार्वजनिक रस्ता, फुटपाथ, रेल्वे लाईन, नदी अशा जागेवर अनधिकृत बांधकाम असेल तर तो निकाल लागू होत नाही. म्हणजे सगळा खेळ एकाच गोष्टीवर, भिंत रस्त्यात आहे का आमच्या हद्दीत. हे मला व्हॉट्सॲपवर कुणीच सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी लेखी हरकत तयार करून दिली, सोबत मोजणीची मागणी. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कातून काढला हे खरं, पण कलम ३००अ आहेच, की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं याच कलमाचे सात भाग करून सांगितले, आधी नोटीस द्या, मग ऐकून घ्या, मग कारणासकट लेखी निर्णय द्या, घ्यायचीच असेल तर सार्वजनिक कामासाठीच आणि रास्त भरपाई देऊन, आणि ते पण रखडवत न ठेवता. हे सगळं आमच्या अर्जात साध्या मराठीत होतं, सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांना कळलं.

वकीलबाईंनी त्यांना हिमाचलच्या विद्यादेवी आजींची केस पण सांगितली. १९६७-६८ ला रस्त्यासाठी सरकारनं त्यांची जमीन घेतली, पैसे काहीच नाहीत, आणि शेवटी सरकारच कोर्टात म्हणतंय की इतकी वर्षं ताबा आमचाय म्हणून जमीन आमची. २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते साफ उडवलं आणि भरपाई द्यायला लावली. निरक्षर विधवा बाई त्या. सासूबाई सही करायला हात थरथरतोय म्हणून अंगठाच देते म्हणत होत्या, हे ऐकल्यावर पेन मागून घेतलं.

सुनावणी झाली, मोजणी झाली. भिंत पूर्ण आमच्या हद्दीत निघाली. बाहेरचा ओटा मात्र जवळजवळ दोन फूट रस्त्यात होता, तो आम्ही आमच्या हातानं काढला, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नोटीस मागं घेतल्याचं पत्र आलं. सासूबाई आता आत दारात पाट टाकून कांड्या भरतात, ओट्याची आठवण काढतात अधूनमधून.

एक स्टार का कापला तर वकीलबाईंकडं दुसऱ्या पण केसेस असतात, दिवसा फोन लागतच नाही, संध्याकाळीच बोलणं व्हायचं, आणि ३ दिवसाची नोटीस हातात असताना ते फार जड जातं. बाकी कागद गोळा करायची पळापळ आपल्यालाच करावी लागते.

प्रकरण मोठं होऊन हायकोर्टात जायची वेळ आली तरी आता सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडं आहे.

कुणाला अशी नोटीस आली असेल तर आधी त्याच दिवशी भिंतीचे, मार्किंगचे फोटो काढा, नोटिशीच्या पाकिटावरची तारीख पण जपून ठेवा. आणि हरकत देताना दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आमचा अर्ज मिळालाच नाही असं नंतर सांगायला लागले होते, तेव्हा तोच शिक्का पुढं केला.